रविवारी ब्लॉक, घरी ब्लेड

मेगाब्लॉक नसलेला रविवार बदलापुरात मुहूर्तासारखा पंचांगात शोधावा लागतो. आमच्यापासून सीएसएमटी 68 किलोमीटर. सोमवार ते शनिवार हे अंतर आम्ही उभ्याने कापतो आणि रविवारी त्याच्या आठवणीने पाय दाबत बसतो. ब्लॉकचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. दादर-परळचे नातेवाईक हेंद्रेपाड्याला येत नाहीत. सकाळीच फोन येतो, "ब्लॉक आहे ना रे आज?" आणि आवाजातला आनंद लपवत ते म्हणतात, "मग राहू दे, पुन्हा कधी तरी." आम्हीही आनंद लपवून "अरेरे" म्हणतो. त्यात जुलैचा पाऊस असला, की घराबाहेर पडायला एकही सबळ कारण उरत नाही.

अशाच एका रविवारी चिरंजीवांनी जाहीर केलं, "आज ब्लेडचे तिन्ही भाग. सलग."

'ब्लेड' 1998 सालचा, 'ब्लेड टू' 2002 चा आणि 'ब्लेड ट्रिनिटी' 2004 चा. प्रत्येक भाग दोन तासांच्या आसपास, म्हणजे एकूण पावणेसहा-सहा तासांचं काम. तेवढ्या वेळात माणूस बदलापूरहून सीएसएमटीला जाऊन परत येतो आणि उरलेल्या वेळात कुर्ल्याला सिग्नलवर अडकूनही घेतो. त्यामुळे सहा तास ऐकून घरात कुणी घाबरलं नाही. शिवाय इथे बसायला जागा होती.

गोष्ट थोडक्यात अशी. एका गरोदर बाईला रक्तपिपासू चावतो, दवाखान्यात तिचं मूल वाचतं, आणि ते मूल मोठं होऊन अर्धं माणूस, अर्धं पिशाच असा ब्लेड होतं. ताकद पिशाचाची, पण उन्हाची बाधा नाही. मग काळा गॉगल, पायघोळ चामडी कोट आणि पाठीला तलवार अडकवून तो उरलेल्या सगळ्या रक्तपिपासूंना संपवत सुटतो. वेस्ली स्नाइप्सने हे काम इतक्या गांभीर्याने केलंय, की तिन्ही भागांत मिळून तो हसतो ते बहुधा दाढदुखीमुळे. मूळ पात्र 1973 सालच्या मार्व्हलच्या एका ड्रॅक्युलाच्या कॉमिकमधलं, तिथे दुय्यम. चिरंजीवांचं म्हणणं असं, की आज मार्व्हलचे जे अब्जावधींचे खेळ चालतात त्यांची बोहनी ब्लेडने केली. यात तथ्य आहे. मार्व्हलने 1996 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती, 'एक्स मेन' यायचा होता 2000 मध्ये आणि 'स्पायडरमॅन' 2002 मध्ये. मधल्या पडत्या काळात हा चामडी कोटवाला एकटा दुकान सांभाळत होता.

पण चित्रपट चांगला की वाईट हे आमच्या घरात पडद्यावर ठरत नाही, सोफ्यावर ठरतं. सोफ्यावर त्या दिवशी तिघं होती. चिरंजीव, माझी आई आणि माझी बायको. मी खाली सतरंजीवर.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. रोज सकाळी सातपासून माणसं तिच्यापुढे उपाशीपोटी बाही वर करून बसतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या प्लेटलेट मोजायला तर रांग लागते. रक्त या विषयात घरात तिचा शब्द अखेरचा, आणि ब्लेडच्या दिग्दर्शकाला ही कल्पना नसावी.

पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच खाटीकखान्यातल्या नाचाचा तो गाजलेला प्रसंग आहे. धडाड धडाड संगीत, घामाघूम गर्दी, त्यात फसून आलेला एक बापडा तरुण, आणि अचानक छतावरच्या फवाऱ्यांतून रक्ताचा पाऊस. जगभरच्या प्रेक्षकांच्या अंगावर या ठिकाणी काटा आला. आमच्याकडे बायको म्हणाली, "थांबव रे जरा."

चिरंजीवांनी चित्र थांबवलं.

"हे रक्त पाइपात कधी भरलं?"

"अगं आई, आधीच भरलं असणार ना."

"मग गोठलं कसं नाही? साध्या ट्यूबमध्ये घेतलं तर पाच-दहा मिनिटांत गुठळी होते. फवाऱ्याची भोकं एवढी एवढीशी. पहिल्या थेंबाला चोंदली असती."

आता खरी गंमत पुढे आहे. या चित्रपटाची नायिका रक्ततज्ज्ञ डॉक्टर असते. लॅबमधली बाई नायिका असलेला चित्रपट बायकोने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला आणि तिच्या पापण्या लवल्या नाहीत. ही नायिका सूक्ष्मदर्शकाखाली शोध लावते, की ईडीटीए नावाचं रसायन पिशाचाच्या रक्तात पडलं की स्फोट होतो. शेवटच्या मारामारीत ब्लेड त्याच्याच सुया फेकतो आणि मुख्य खलनायक फुगून फुटतो. हे ईडीटीए म्हणजे काही अमेरिकेतलं गुपित नव्हे. लॅबमध्ये सीबीसीसाठी जी जांभळ्या टोपणाची ट्यूब वापरतात, तिच्यात ते आधीपासून असतं. रक्तातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. बायकोच्या पिशवीत अशा ट्यूबा बाराही महिने असतात. म्हणजे अख्ख्या पिशाचवंशाचा नायनाट करील एवढा दारूगोळा हेंद्रेपाड्यातून रोज स्कूटीवरून जातो आणि नाक्यावर कुणी अडवत नाही.

तिने मग सगळा हिशेब मांडला. फवाऱ्यातलं रक्त पातळ राहायला हवं, तर त्यात काही तरी घालावंच लागणार. ईडीटीए घातलं असतं तर नाचणारे सगळे जागच्या जागी फुटले असते आणि चित्रपट दहाव्या मिनिटाला संपला असता. "हेपॅरिन घातलं असेल," शेवटी तिनेच त्यांना वाट काढून दिली. "हिरव्या टोपणाची." मग चित्र पुढे सरकलं. माझ्या मते समीक्षा करावी तर अशी. दृश्य अंगावर येतं वगैरे लिहायला कुणालाही येतं, पण पाइपात गुठळी का झाली नाही हे विचारायला डीएमएलटी करावं लागतं.

खऱ्या रक्तपिपासू वटवाघळांना, बरं का, ही अक्कल आहे. त्यांच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. त्यांच्या लाळेतच रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं आणि शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅक्युलिन असं नावही देऊन टाकलंय. आपल्याकडच्या जुन्या देवळांत आणि लेण्यांत लोंबणाऱ्या वटवाघळांवर उगीच संशय घेऊ नये. त्यातली बरीचशी फळं आणि किडे खाऊन राहतात. एखादी जात बेडूक-उंदीर खाते, पण त्याबद्दल आपण तक्रार करू नये.

आईचा आक्षेप रक्ताशी नव्हता. तिचा आक्षेप चांदीशी होता.

ब्लेडच्या पिशाचांना क्रूस, पवित्र पाणी यांनी काही होत नाही. त्यांना बाधतं ते ऊन, लसूण आणि चांदी. म्हणून ब्लेडची सगळी हत्यारं चांदीची. कमरेच्या पट्ट्याला टोकदार चांदीचे खिळे लावलेले असतात. एकेक उपसायचा, फेकून मारायचा, समोरच्याची राख आणि हा पुढे. पहिले दोन-तीन खिळे आईने सहन केले. नंतर ती सोफ्याच्या कडेला सरकली.

"अरे, उचल तो!"

ब्लेडने ऐकलं नाही. त्याने आणखी दोन फेकले.

"उचल रे बाबा. चांदी आहे ती. किलोला लाखाच्या वर गेलाय भाव."

"आजी, मागे पिशाच लागलेत त्याच्या."

"लागू देत. राख झाली ना त्यांची? मग राखेतून काढायला किती वेळ लागतो? वर राखेने चांदी लख्ख निघते, ते वेगळंच."

तिथून पुढे आईने मारामारी अशी पाहिलीच नाही. तिचं लक्ष फक्त जमिनीवर होतं. ब्लेड जिंकतोय की हरतोय यापेक्षा किती तोळे सांडले याची तिला काळजी. बंदुकीच्या गोळ्यासुद्धा चांदीच्या, आत लसणाचा अर्क भरलेल्या, हे कळल्यावर तिने डोळे मिटून घेतले. हिंसाचारामुळे डोळे मिटणारे प्रेक्षक मी पुष्कळ पाहिलेत. उधळपट्टीमुळे मिटणारी ही एकच.

लसणाचा मुद्दा निघालाच, तर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाड्यांवर जेवढी सुकी लसणाची चटणी रोज खपते, तेवढ्यात कुठलंही पिशाच पश्चिमेच्या जिन्यावरूनच परत फिरेल असं माझं मत होतं. आईने ते एका वाक्यात खोडलं. "आणि चातुर्मासात?" खरंच, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण बंद. कांदेनवमीला काय ती शेवटची भजी. पिशाचांनी पंचांग आणलं, तर चार महिने आमचं घर त्यांना सताड उघडं.

पिशाचांची बैठक आली तेव्हा शेजारचे काका नेमके दारात उभे होते. काका सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीबद्दल काही सांगायला आले आणि उभ्यानेच पाहू लागले. पडद्यावर लांबलचक टेबल, भोवती सुटातली वयस्कर पिशाचं. त्यांच्यात दोन गट. एक जन्माने पिशाच असलेल्यांचा, दुसरा नंतर चावून झालेल्यांचा. डीकन फ्रॉस्ट हा तरुण दुसऱ्या गटातला, आणि म्हातारे त्याला सगळ्यांसमोर सुनावतात, की तू आमच्यातला नव्हेस. काकांचे डोळे चमकले. "मूळ सभासद आणि भाडेकरू!" ते म्हणाले. "वहिनी, हे बघा, तिकडेही हेच." मग चपला काढून ते आत आले, बसले आणि फ्रॉस्टचं सगळं बंड त्यांनी सर्वसाधारण सभेच्या नजरेने पाहिलं. नोटीस चौदा दिवस आधी दिली होती का, कोरम होता का. फ्रॉस्टने अध्यक्षांना समुद्रकिनारी नेलं, पक्कडीने त्यांचे सुळे उपटले आणि त्यांना उगवत्या उन्हात जाळलं, तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. "असं करता येत नाही," ते अखेर म्हणाले. आवाजात थोडी हळहळ होती.

या फ्रॉस्टला उन्हाचं भय नाही असं नाही. तो दिवसा बागेत येतो तेव्हा अंगभर सनस्क्रीन फासून येतो. एवढं सोपं उत्तर होतं, तर बाकीची पिशाचं शतकानुशतकं तळघरांत का कुढत बसली? बायको म्हणाली, महाग असतं.

उन्हाचं मला मात्र आतून पटलं. ब्लेडला ते लोक 'दिवसा चालणारा' म्हणतात, ही त्याची मोठी विशेषता. हिवाळ्यात बदलापूरहून अंधारात निघायचं, दिवसभर काळ्या काचांच्या कचेरीत ट्यूबलाइटखाली बसायचं आणि अंधारातच घरी यायचं, असं जगणारे हजारो लोक रोज प्लॅटफॉर्मवर उभे असतात. या हिशेबाने ब्लेड आमच्या पुढचा. आमच्यातल्या निम्म्यांच्या रिपोर्टात ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघतं आणि डॉक्टर आठवड्याला 60 हजार युनिटची एक गोळी लिहून देतात. चेहऱ्यावरून म्हणाल, तर रात्रीच्या बदलापूर लोकलच्या डब्यात कुणीही सुळे लावून बसावं. शेजारचा फक्त "जरा सरकून घ्या" म्हणेल.

त्या चामडी कोटाचं काय करायचं, हा प्रश्न तिन्ही भाग संपले तरी सुटला नाही. आमच्याकडे जुलैत कपाटातल्या पट्ट्यावर, पाकिटावर, बुटांवर हिरवी-पांढरी बुरशी येते. हा माणूस गटारांतून, पावसातून कोट घालून फिरतो. वाळवतो कुठे?

पहिल्या भागाच्या शेवटाकडे आई एकाएकी गप्प झाली. आईचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथल्या आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळच, पण तो कुणाला चावत नाही. रात्री गावाची राखण करत फिरतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड ठेवतात. रात्री फिरणारा, अंगात भूत-पिशाचाची ताकद असलेला, पण माणसांच्या बाजूने उभा राहणारा हा काळा उंचापुरा गडी कोण, हे तिला एकदम उमगलं. "हो आमच्या वेतोबाचोच कोण तरी आसा," ती म्हणाली. त्यानंतर चांदीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. देवाच्या कामात गेली, असं म्हणाली.

भुताखेतांच्या बाबतीत आपण मुळातच अनुभवी लोक. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ रक्त पीत नाही, गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. यापेक्षा चावलेलं परवडलं, असं शाळेतल्या कित्येकांचं मत असेल. नारायण धारपांनी 'लुचाई'त स्टीफन किंगचं रक्तपिपासू गाव मराठीत आणून वसवलं, आणि आईच्या पिढीने ते वाचनालयातून आणून दिवसाउजेडी वाचलं. महेश कोठाऱ्यांचा तात्या विंचू तर 1993 पासून घरातलाच. त्याला मारायचा नियम किती सुटसुटीत होता. भुवयांच्या मधोमध एक गोळी, संपला विषय. चांदी नको, लसूण नको, चातुर्मासाची अडचण नाही.

दुपारी दुसरा भाग. हा गिएर्मो देल तोरोचा. पुढे 'द शेप ऑफ वॉटर'साठी ज्याला ऑस्कर मिळालं, तोच. कथा प्रागमध्ये घडते आणि सुरुवात होते एका रक्तपेढीत, जिथे एक फाटका माणूस रक्त विकायला येतो. बायको ताबडतोब, "आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून बंद आहे पैसे देऊन रक्त घेणं. सुप्रीम कोर्टाने बंद केलं." आपल्याकडे शिबिर होतं. 350 मिली रक्त, चहा, बिस्कीट आणि आयोजक जोरात असेल तर टिफिन किंवा हेल्मेट. तो फाटका माणूस निघतो नव्या जातीचा रक्तपिपासू. हनुवटी मधोमध उभी उघडते आणि आतून जे काही बाहेर येतं, ते पाहून काका पाण्याच्या टाकीचं काम आठवून उठले. या जातीवर लसूण चालत नाही, चांदीही चालत नाही. चालतं ते फक्त ऊन. "म्हणजे पहिल्या भागातली सगळी चांदी फुकट," आई पुटपुटली. वेतोबा असला तरी हिशेब हा हिशेब.

ब्लेडची मंडळी प्रागच्या गटारांत उतरली आणि त्याच वेळी सोफ्यावरचे सगळे फोन एकदम वाजले. इमारतीच्या ग्रुपवर उल्हास नदीची पातळी आली होती. बदलापूरला इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50. वर कर्जतकडे पाऊस कोसळला, की काही तासांत पाणी इकडे येतं, हे हेंद्रेपाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. 26 जुलै 2005 लोकांच्या लक्षात आहे, आणि 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली, तेही. पडद्यावर गटारात शेकडो पिशाचं भिंतीवरून धावत होती आणि आमचं अख्खं घर गॅलरीतून खाली पार्किंगकडे पाहत होतं. स्कूटी उंचावर नेऊन लावली. परत येऊन बसलो तर पिशाचं तिथेच होती. भीती वाटावी असं त्यांच्यात आता काही राहिलं नव्हतं.

मग लाइट गेली. ब्लेडकडे उन्हाचा प्रकाश फेकणारे बॉम्ब होते, आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक दिवा.

तिसरा भाग रात्री जेवताना लावला, आणि त्याला तीच जागा शोभते. तिन्ही भाग लिहिणारा डेव्हिड गॉयर या वेळी दिग्दर्शकही झालाय. साक्षात ड्रॅक्युला वाळवंटातल्या थडग्यातून उठतो, आणि एवढा पुराणपुरुष उघडी छाती आणि चामडी पँट घालून व्यायामशाळेतल्या ट्रेनरसारखा वावरतो. रायन रेनॉल्ड्स अखंड बोलतो. जेसिका बील कानात गाणी लावून मारामारी करते, हे एक पटलं, कारण बायकांच्या डब्यात असंच असतं असं बायको म्हणाली. आणि पिशाच झालेला एक पॉमेरेनियन कुत्रा आहे. भयपटात पॉमेरेनियन आला, की समजावं लेखकाचं पाणी संपलं. खालच्या मजल्यावरचा पॉमेरेनियन न चावता यापेक्षा जास्त घाबरवतो.

पुढची माहिती चिरंजीवांनी फोनवर वाचून दाखवली. या भागानंतर स्नाइप्सने स्टुडिओ आणि गॉयर यांच्यावरच खटला भरला. पुढे 2010 च्या डिसेंबरात तो तुरुंगात गेला तो 2013 मध्ये सुटला. गुन्हा? प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं नाही. जुलै महिना, कचेरीतून आलेला फॉर्म 16 नक्की कुठल्या फाइलमध्ये ठेवलाय ते आठवेना. मी जेवता जेवता उठलो. दिवसभरात माझ्या अंगावर काटा आला तो या एका ठिकाणी.

स्नाइप्स त्यातून सावरला आणि 2024 च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये, वयाच्या एकसष्टीत, तोच कोट, तोच गॉगल घालून पुन्हा उभा राहिला. तेवढा तुकडा चिरंजीवांनी झोपण्याआधी आजीला दाखवला. तिने पाहिला आणि विचारलं, "पट्ट्याला खिळे आहेत का अजून?"

वाचकांपैकी कुणाला असा रविवार मिळाला, तर पहिला भाग सकाळी बघावा, घरात लॅबवालं कुणी असेल तर मुद्दाम शेजारी बसवून बघावा. दुसरा सर्वांत उत्तम, तो नदीची पातळी पाहून मगच सुरू करावा. तिसरा इस्त्री करताना लावावा. कपडे चांगले होतात.